मीटरचा मिणमिणता दिवा

वाचकहो, मनुष्याच्या डोळ्यांची एक विचित्र रीत आहे. उजेड एकाएकी गेला, तर ते तत्काळ तक्रार करितात. परंतु तोच उजेड वर्षानुवर्षे थोडा थोडा ओसरत गेला, तर त्यांना त्याचे काहीच वाटत नाही. ह्या सवयीपायी एक कुटुंब संकटाच्या अगदी तोंडाशी कसे गेले होते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. म्हणून आज जुन्या मोटारीतील एका क्षुल्लक दिव्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

सुरतेच्या डिंडोली भागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. हात सुरतेच्या कापडधंद्यात गुंतलेले असले, तरी त्यांचे मन गावाकडेच असते. आमचे एक स्नेही ह्यांपैकीच. त्यांची मोटार १५ वर्षांहून जुनी. नियमाप्रमाणे तपासणी करून तिची नोंदणी आणखी ५ वर्षांसाठी वाढवून घेतलेली. गेल्या डिसेंबरात साक्री तालुक्यातील त्यांच्या गावी जाण्यास आम्ही त्यांच्या कुटुंबासमवेत निघालो.

बारडोली, व्यारा मागे पडले आणि सोनगड येईतो काळोख दाटला. वेगाचा काटा, इंजिनाच्या उष्णतेचा काटा, पेट्रोलचा काटा, ह्यांतील एकही दिसेना. आम्ही विचारिले, तेव्हा आमचे स्नेही हसून म्हणाले, "अहो, तो दिवा कित्येक वर्षे असाच मिणमिणतो आहे. आम्हांला आता सवय झाली." शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मधूनमधून मोबाइलचा टॉर्च काट्यांवर धरीत होत्या. त्यांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

नवापूरला आम्ही चहासाठी थांबलो. पाठोपाठ एक ट्रक येऊन उभा राहिला. त्याचा तरुण चालक उतरून सरळ आमच्याकडे आला व म्हणाला, "काका, तुमच्या गाडीचे मागचे दोन्ही दिवे बंद आहेत. फार जवळ आल्यावर मला गाडी दिसली." हे ऐकून सर्वांच्या हातातील पेले तसेच राहिले. मागच्या आसनावर दोन लहान मुले झोपली होती, आणि पुढे कोंडाईबारीचा घाट चढावयाचा होता.

कारण शोधण्यास वेळ लागला नाही. पुष्कळशा जुन्या गाड्यांत मीटरचा दिवा आणि मागचे तांबडे दिवे एकाच फ्यूजवर असतात. पुढचे मोठे दिवे निराळ्या फ्यूजवर असल्यामुळे ते चालूच राहतात आणि चालकास सर्व ठीक वाटते. मागच्या दिव्याच्या गंजक्या होल्डरापाशी एका तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला लागली होती व फ्यूज जळाला होता. ट्रकचालकानेच तारेला चिकटपट्टी गुंडाळून दिली, तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसविला, आणि मागचे दिवे लागले. त्याच क्षणी मीटरवरही नेहमीचा अंधूक पिवळट उजेड परतला. म्हणजे त्या संध्याकाळी मीटर मंद नव्हता. तो पूर्ण विझलेला होता! तो आधीच इतका निस्तेज झाला होता, की विझल्याचे कोणास कळलेच नाही. धडधाकट दिवा विझला असता, तर सोनगडच्या अलीकडेच आम्हांस सूचना मिळाली असती.

परत आल्यावर एका रविवारी डिंडोलीतील जाणत्या वायरमनसमोर बसून आम्ही त्या दिव्याची दुरुस्ती पाहिली. ती अवघड नाही. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. मग मीटर अलगद बाहेर घ्यावा. त्यामागील केबल व जोड ओढून तोडू नयेत आणि काट्यांना बोट लावू नये. आत पाहावे, तो जुन्या बल्बांच्या काचा आतून काळवंडलेल्या दिसतात. तप्त तारेतील धातूची वाफ होऊन ती काचेवर बसते, तिचा हा परिणाम. बल्ब जळेपर्यंत थांबू नये. सगळे एकदमच बदलावेत. उजेड परतविणारा आतला पांढरा रंग पिवळा पडला असेल, तर पुन्हा पांढरा द्यावा. धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसावी.

होल्डराचे गंजलेले पत्रे आणि अर्थिंगचा स्क्रू घासून स्वच्छ करावा, हे विशेष महत्त्वाचे. तारेच्या बल्बास मिळणारा विजेचा दाब केवळ १० टक्के घटला, तरी त्याचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. उजेड कमीअधिक करण्याची चकती गाडीत असेल, तर ती काही वेळा इकडून तिकडे फिरवून पाहावी. कित्येकदा दोष तिच्यातील मळातच असतो.

बल्ब मूळच्याच वॅटचा घ्यावा. अधिक उजेडाच्या मोहाने जास्त वॅटचा घातल्यास उष्णतेने प्लास्टिक वितळते. एलईडी बल्ब कमी तापतो व वीजही कमी खातो. परंतु तो उलटा बसला तर पेटत नाही, तेव्हा काढून फिरवून बसवावा. उजेड आजूबाजूस पसरविणारा असेल तोच निवडावा, नाहीतर मीटरवर ठिपके पडतात. चकतीने तो नीट मंदावेलच असेही नाही. चार्जिंगचा लाल दिवा मात्र एलईडीचा करू नये. अनेक जुन्या गाड्यांत त्या बल्बातून जाणारी वीजच अल्टरनेटरला जागे करते. ती अपुरी पडल्यास बॅटरी भरली जाणार नाही.

उजेड फार वाढविणेही बरे नव्हे. अंधारास पूर्ण सरावण्यास डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात. मीटर झगझगीत असेल, तर ती तयारी मोडते आणि रस्त्यावरचा माणूस वा बैल दिसत नाही. त्याचबरोबर हेही ध्यानात असावे, की साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतील माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मुलास पुरणारा उजेड वडिलांस पुरेलच असे नाही. गाडी जो चालवितो, त्याच्या डोळ्यांनीच उजेड ठरवावा.

आमच्या स्नेह्यांच्या मीटरवरील काटे आता स्पष्ट दिसतात. त्यांच्या पत्नींनी आणखी एक नियम घातला आहे: रात्री गाडी सुरू झाली, की थोरल्या मुलाने खाली उतरून मागे जावे, दोन्ही तांबडे दिवे पाहावेत आणि "लागले!" असे ओरडून सांगावे. तोपर्यंत गाडी हलत नाही. ज्या वाचकांच्या दारी जुनी मोटार उभी आहे, त्यांनी आज सायंकाळीच ही परीक्षा करावी. तिला पैसा लागत नाही; अंधार पडल्यावर अंगणात दोन मिनिटे उभे राहावे लागते, इतकेच.