‘मला काही झालेले नाही’

मधुमेही मालकाची रक्तशर्करा उतरल्याचे वासावरून ओळखून त्याला मध्यरात्री उठवणाऱ्या कुत्र्याची बातमी अधूनमधून छापून येतच असते, आणि या आठवड्यात तीच बातमी, मालकाच्या छातीवर पंजे ठेवून बसलेल्या कुत्र्याच्या छायाचित्रासह, व्हॉट्सॲपच्या कुटुंबगटांतून पुन्हा एकदा फिरली. सकाळी कुत्र्याला दुसऱ्याच्या फाटकापुढे उभे करून स्वतः आकाशाचे निरीक्षण करणाऱ्या मालकवर्गाविषयी या सदरात पूर्वी फारसे चांगले लिहिले गेलेले नाही, हे नियमित वाचकांना ठाऊक आहेच. तथापि तो आकस मालकांविषयीचा आहे, आणि प्रस्तुत तक्रारही कुत्र्याविषयी नसून त्याच्या बातम्या लिहिण्याच्या रीतीविषयी आहे. प्रत्येक वेळी त्याच्या नाकाला ‘सहावे इंद्रिय’ ठरवून (नाक हे पाचांपैकीच एक, ही बाब सोयीस्करपणे विसरून) स्तुतिसुमने उधळली जातात, आणि ज्या गुणामुळे हे जनावर मधुमेह्याच्या खरोखर उपयोगी पडते तो गुण, म्हणजे त्याचा हट्ट, मात्र कौतुकाच्या एका शब्दालाही पात्र ठरत नाही.

रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की त्या अवस्थेला वैद्यकात हायपोग्लायसेमिया आणि घरोघरी ‘शुगर लो होणे’ म्हणतात. ती ५४ च्याही खाली गेल्यास मेंदूला इंधन अपुरे पडून विचार गोंधळू लागतात, आणि वेळीच उपाय न झाल्यास झटके, बेशुद्धी, क्वचित मृत्यूही ओढवतो. इन्सुलिन टोचून घेतल्यावर, किंवा स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर जेवण लांबले, की हे घडू शकते. शरीर आरंभी घाम, थरथर, छातीतील धडधड आणि भूक यांच्या रूपाने सूचना देते, परंतु वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्या आणि वारंवार शुगर उतरणाऱ्या अनेकांमध्ये या सूचनाच बोथट होत जातात, आणि कुत्र्याचे खरे महत्त्व आहे ते अशाच रुग्णांना.

वैद्यकीय साहित्यात या कुत्र्यांना मानाचे स्थान मिळाले ते २००० सालच्या डिसेंबरात, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात, हा अंक गंभीर विषयही थोड्या मिश्किल वेशात छापण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे नोंदवलेल्या तीन कुत्र्यांपैकी एकालाही कोणी शिकवलेले नव्हते. सूझी रात्री नाकाने ढोसून मालकिणीला उठवी आणि तिच्या पोटात काही गेल्याशिवाय तिला घराबाहेर पडू देत नसे. नॅट नावाची गोल्डन रिट्रीव्हर येरझाऱ्या घालून मालकिणीच्या मांडीवर डोके टेकवी आणि रात्री बेडरूमच्या बंद दारावर ओरखडे काढीत भुंके. कँडी मात्र शुगर उतरू लागली की खोलीतून पळ काढून खुर्चीखाली दडून बसे, आणि मालकिणीने काही खाल्ल्यावरच बाहेर येई. कँडीची ही रीत पुष्कळ नातेवाइकांच्या रीतीशी जुळणारी असल्याने तिचा उल्लेख बातम्यांतून सहसा गाळला जातो, हे समजण्यासारखे आहे.

त्यानंतर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांच्या पाहणीत २१२ मधुमेही श्वानमालकांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांनी, शुगर उतरलेली असताना आपला कुत्रा एकदा तरी वेगळा वागल्याचे सांगितले. भुंकणे, चाटणे, नाकाने ढोसणे, अंगावर उड्या मारणे आणि टक लावून पाहत राहणे हे प्रकार त्यांत प्रमुख होते. वाचकाच्या लक्षात येईल की, कुत्रा या साऱ्या गोष्टी शुगर ठीक असतानाही करतोच, आणि माणसाच्या स्मरणात मात्र जुळलेला प्रसंग राहतो, न जुळलेला राहत नाही. ज्योतिषाचा व्यवसाय याच स्वभावावर चालतो. शिवाय मालकाचे जड झालेले बोलणे, थरथरणारे हात आणि अडखळती चाल डोळ्यांनीही दिसते, त्यामुळे अशा प्रसंगी कुत्रा वासावर चालला की नजरेवर, हे मालकाच्या सांगण्यावरून ठरवता येत नाही.

वासाची बाजू अगदीच लंगडी आहे असे नाही. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ साली टाइप १ मधुमेह असलेल्या आठ स्त्रियांची रक्तशर्करा देखरेखीखाली हळूहळू खाली आणून त्यांचा उच्छ्वास तपासला, तेव्हा त्यात आयसोप्रीन या वायुरूप रसायनाचे प्रमाण शुगर उतरताना लक्षणीय वाढल्याचे दिसले, आणि कुत्र्यांना कळते ते बहुधा हेच, असा तर्क मांडला गेला. तर्क आकर्षक आहे, परंतु त्या प्रयोगात वास घेण्याचे काम यंत्राने केले होते, कुत्र्याने नव्हे, ही बाब बातमीच्या पहिल्या ओळीपर्यंत पोहोचत नाही. प्रशिक्षित कुत्र्यांचे निकालही एकमेकांशी भांडणारे आहेत. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आठ रुग्णांच्या अंगावर सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर लावून, त्याचे आकडे लपवून केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांनी शुगर उतरल्याचे सुमारे ३६ टक्के प्रसंगच ओळखले, त्यांच्या एकूण इशाऱ्यांपैकी जेमतेम १२ टक्के इशारे खरोखर शुगर उतरलेली असताना दिलेले होते, आणि कुत्रा व सेन्सर या दोघांनाही जो प्रसंग कळला तेथे बहुतेक वेळा सेन्सर सुमारे २२ मिनिटे आधी जागा झाला असता. उलट २०१९ साली ब्रिटनमधील २७ प्रशिक्षित कुत्र्यांच्या अभ्यासात शुगर उतरल्याचे सरासरी ८३ टक्के प्रसंग ओळखले गेल्याचे आढळले. या अभ्यासाच्या लेखकांत कुत्रे पुरवणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या प्रमुखही होत्या. छायाचित्रासह फिरणाऱ्या बातमीत अर्थातच दुसराच आकडा असतो.

कुत्र्याला तयार करतात ते असे: शुगर उतरलेली असताना रुग्णाच्या घामाचा किंवा श्वासाचा नमुना कापसावर अथवा कापडावर घेऊन तो गोठवून ठेवतात, आणि पुढे तो नमुना हुंगून कुत्र्याने ठरावीक खूण केली की त्याला खाऊ देतात. खाऊ मिळतो म्हटल्यावर खोटा इशारा देऊन पाहण्याइतका धूर्तपणा कुत्र्यात असतोच, म्हणून प्रत्येक इशाऱ्यानंतर बोट टोचून ग्लुकोमीटरने खातरजमा करावी आणि मगच बक्षीस द्यावे, असा दंडक आहे. हा दंडक धाब्यावर बसवून अर्धवट शिकवलेली पिल्ले हजारो डॉलरना विकण्याचे प्रकारही अमेरिकेत घडले आहेत, आणि २०१८ साली व्हर्जिनिया राज्याच्या महाधिवक्त्याला अशा एका विक्रेत्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

इतके सगळे मान्य करूनही कुत्र्याच्या बाजूने एक गोष्ट उरते, आणि ती नाकाच्या वादावर मुळीच अवलंबून नाही. शुगर उतरलेला माणूस हा जगातील सर्वांत अवघड रुग्ण होय, कारण ज्या अवयवाने त्याने आपली अवस्था ओळखायची तोच अवयव उपाशी असतो; शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातातला चमचा ताटाच्या काठावर वाजतो आहे, आणि तरीही ‘मला काही झालेले नाही’ हे एकच वाक्य चढत्या स्वरात तो पुनःपुन्हा ऐकवतो. घरातील माणसे दुसऱ्या नकाराला गप्प होतात, तिसऱ्याला रागावतात. मोबाइलमधील गजर बंद करून कूस बदलता येते. कुत्रा मात्र ना नकाराचा अर्थ लावीत, ना अपमान मनाला लावून घेत. खाल्ल्याशिवाय दारातून बाहेर न सोडणाऱ्या सूझीचे मोठेपण याच्यात आहे, आणि ते मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही.

येथे ओघाने आलेली, परंतु मूळ विषयाहून अधिक निकडीची एक बाब नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रीय घरांत अशा वेळी गोड म्हणून सर्वप्रथम फ्रिजमधला पेढा किंवा बर्फी पुढे केली जाते, आणि ती चूक आहे. खव्यातील व चॉकलेटातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पाण्यात विरघळवलेली तीन लहान चमचे साखर किंवा साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासावी. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

कुत्र्याने मधुमेह्यावर केलेल्या उपकारांचा हिशोब मांडायचाच, तर तो सूझीपासून सुरू करणे अन्यायाचे आहे. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे ओस्कार मिंकोव्हस्की आणि योझेफ फोन मेरिंग यांनी चरबीच्या पचनाविषयीच्या एका प्रश्नापायी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा शिस्त लावलेला तो कुत्रा प्रयोगशाळेच्या फरशीवर वारंवार लघवी करू लागला. मिंकोव्हस्कीने ती लघवी तपासली, तीत साखर सापडली, आणि मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात असल्याचे जगाला कळले. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवरच पुढचे प्रयोग केले. त्यांतील ९२ क्रमांकाची पिवळी कॉली स्वादुपिंडाविना, केवळ त्याच अवयवापासून काढलेल्या अर्काच्या इंजेक्शनांवर काही दिवस हिंडतीफिरती राहिली, आणि तिच्या मृत्यूनंतर, रुग्णांच्या मृत्यूनेही न पाणावणारे आपले डोळे पाणावल्याचे बँटिंगने पुढे लिहून ठेवले. ३३ क्रमांकाची मार्जोरी सुमारे ७० दिवस जगली. ती जिवंत असतानाच, ११ जानेवारी १९२२ रोजी, १४ वर्षांच्या मधुमेही लेनर्ड थॉम्पसनला या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले, जे अशुद्धतेमुळे फारसे लागू पडले नाही. जेम्स कॉलिपने शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यात आला आणि तो लागू पडला. त्यानंतर चार दिवसांनी मार्जोरीला क्लोरोफॉर्म देण्यात आला. शवविच्छेदनात स्वादुपिंडाचा एक बारीकसा अंश तिच्या शरीरात शिल्लक असल्याचे दिसून आल्याने काटेकोर शास्त्रज्ञांच्या लेखी हा प्रयोगही सदोषच ठरला. लेनर्ड मात्र पुढे १३ वर्षे जगला.