खिडकी बदलण्याआधी पल्ला तोला

लंडनमध्ये लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते हौली प्लेस, डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले तो किंग हेन्रीज रोड. या भागांतल्या व्हिक्टोरियन घरांना वरखाली सरकणाऱ्या खिडक्या सर्रास दिसतात. सॅश विंडो म्हणतात त्या याच. शिक्षणासाठी, नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबं आज अशा घरांत भाड्याने राहतात, काही जण ती विकतही घेतात. पल्ला वर सरकवला की थांबत नाही, धाडकन खाली येतो, ही या घरांतली नेहमीची तक्रार. त्यावरचा सल्लाही ठरलेला: खिडकी जुनी झाली, काढून टाका, नवी प्लास्टिकची बसवून घ्या. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पल्ला पडतो तेव्हा त्याचं लाकूड गेलेलं असतंच असं नाही. त्याचा भार पेलणारी यंत्रणा थकलेली असते. ती बदलता येते. मात्र नवी निवडण्याआधी पल्ल्याचं वजन करावं लागतं, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

मूळ रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पोकळ्या असतात. त्यांत बिडाची लांबट वजनं सुती दोरीने टांगलेली असतात, दोरी वरच्या कप्पीवरून पल्ल्याच्या कडेला येते. वरच्या पल्ल्याची दोन वजनं मिळून त्या पल्ल्यापेक्षा किंचित जड ठेवतात, म्हणजे तो वर टेकून राहतो. खालच्याची किंचित हलकी, म्हणजे तो मिटलेला राहतो. एवढा बारीक हिशेब त्या कारागिरांनी केला होता. अशा खिडकीत तुटते ती बहुधा फक्त दोरी. आतली पट्टी आणि पोकळीचं छोटं झाकण काढलं की वजन हाती येतं आणि सुतार नवी दोरी ओवतो. एवढ्यासाठी शंभर वर्षं टिकलेलं लाकूड उकिरड्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

गोंधळ होतो तो काच बदलल्यावर. काचेच्या दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो वजन असतं. ९० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच अशी ३ मिलिमीटरची जुनी काच साधारण ५ किलो भरते. तिच्या जागी ४-४ मिलिमीटरची दुहेरी काच बसवली तर तेवढ्याच पल्ल्यात साडेतेरा किलो काच येते. लाकूड वेगळंच. जुनी वजनं हा भार पेलणार नाहीत, हे उघड आहे. तरी दुहेरी काच बसवून जुनीच वजनं पुन्हा टांगली जातात आणि मग दोष खिडकीला दिला जातो. शिसं बिडापेक्षा साधारण दीडपट जड. त्यामुळे त्याच पोकळीत शिशाची वजनं बसवून बरीचशी तूट भरून काढता येते. पल्ला तोलायला न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो: आधी एकट्याने उभं राहायचं, मग पल्ला हातात धरून, आणि वजाबाकी करायची. फक्त तो काच, लांबी (पुट्टी) आणि नवा रंग यांसकट तोलावा.

जिथे पोकळीच नाही, तिथे वजनांऐवजी पल्ल्याचा भार पेलणारे स्प्रिंगचे बॅलन्स लागतात, आणि त्यांना माझा मुळीच विरोध नाही. अमेरिकेतल्या उपनगरांमधल्या घरांत बहुधा हेच असतात. काहींत नळीच्या आत पिळाची सळई फिरते, काहींत पन्हळीत स्प्रिंग, कप्प्या आणि दोरी असते, काहींत स्टीलची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. प्रत्येकाची लांबी पल्ल्याच्या प्रवासाप्रमाणे आणि ताकद वजनाप्रमाणे ठरते. ताकद कमी पडली तर पल्ला घसरतो. जास्त झाली तर खालचा पल्ला मिटून राहत नाही, आपोआप वर चढतो. अनेक बॅलन्सवर आकडा कोरलेला असतो किंवा टोकाला रंगाची खूण असते. तेवढ्यावरून तसाच दुसरा मागवणं सोपं असतं, पण मधल्या काळात कुणी काच बदलली असेल तर ती खूण दिशाभूल करते. शिवाय एकच बाजू बदलू नये. नवा बॅलन्स एका बाजूला आणि थकलेला दुसऱ्या बाजूला असला की पल्ला तिरका चालतो आणि चौकटीत अडकतो. ताणलेली स्प्रिंग हातातून सुटली तर गंभीर इजा होते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप थंडीचा. एकेरी काचेतून उष्णता भराभर निघून जाते आणि सैल पल्ल्याच्या फटींतून वारा येतो, हे मान्यच करायला हवं. इंग्लंडमध्ये २०२२ पासून नव्या खिडक्यांना उष्णतारोधाचे कडक निकष आहेत, तेही योग्यच आहेत. पण फटी बुजवायला पल्ल्याच्या कडांना ब्रशच्या पट्ट्या लावता येतात, आणि आतल्या बाजूने काचेची दुसरी खिडकी बसवली तर उष्णतेची गळती निम्म्याहून खाली येते. मूळ पल्ल्याचं वजन तेवढंच राहतं, म्हणून बॅलन्सचा हिशेबही बिघडत नाही. घर वारसा यादीत असेल तर खिडकी काढायला तशीही परवानगी लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. जुन्या रंगात शिसं असतं. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत ते असू शकतं, असं धरूनच काम करतात. पल्ला घासला की त्याची धूळ उडते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती घातक असते. घरात तान्हं मूल असेल आणि रंग पोपडे धरत असेल, तर आधी प्रशिक्षित माणसाकडून रंगाची तपासणी करून घ्यावी आणि गरज पडल्यास तो काढून घ्यावा. तोवर ती खिडकी बंदच ठेवावी, आणि बॅलन्सची मागणी नोंदवावी ती नवा रंग वाळल्यावर, पल्ला पुन्हा तोलून.