गिअरबॉक्स आधी उघडा, मग बदला

हिंजवडी आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्याला लागून असलेल्या माण (ता. मुळशी) येथे आमचे कापडाचे दुकान आहे. पूर्वी लग्नसराई आणि शाळेचे गणवेश यावर धंदा चालत असे. आयटी पार्क आले, वसतिगृहे आणि पीजी निघाली, तेव्हापासून चादरी, टॉवेल आणि पडदे यांचा खप वाढला. माल सोलापूर, इचलकरंजी, भिवंडीहून टेम्पोने येतो. पण नमुने दाखवणे, ऑर्डर घेणे आणि वसुली यासाठी आमच्याकडे एक सात आसनी डिझेल गाडी आहे. हाताने गिअर टाकायची, मागच्या चाकांवर चालणारी. या गाडीच्या गिअरबॉक्सपायी आम्हाला जो तजुर्बा आला तो व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

२०२४ च्या पावसाळ्यात घोटवड्याकडून माणला येताना खड्ड्यात उखडलेला एक दगड गाडीच्या पोटाला लागला. आवाज मोठा झाला, पण गाडी चालत होती, म्हणून आम्ही खाली वाकून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर तेलाचा डाग दिसला. तो कुणा टेम्पोचा असेल असे समजून आम्ही त्यावर माती टाकली. आमची चूक झाली ती इथेच. गिअरबॉक्समध्ये तेल असते फार तर दोन लिटरच्या आसपास. इंजिनच्या तेलासारखा त्याला डॅशबोर्डवर दिवा नसतो. तेल गेले हे फक्त कानालाच कळते, आणि तेही नुकसान झाल्यावर. आम्ही त्याच गाडीने सोलापूरला जाऊन आलो. परतीच्या वाटेवर इंदापूरच्या पुढे भुंग्यासारखी घूं घूं सुरू झाली आणि माणला पोहोचेपर्यंत ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये यायला लागला.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. त्यांनी ती लिफ्टवर चढवली, ड्रेन प्लगजवळची चीर दाखवली आणि कागद हातात दिला: नवीन गिअरबॉक्स असेंब्ली, क्लच सेट, मजुरी आणि कर मिळून १,१८,००० रुपये. आम्ही विचारले, आत नेमके काय तुटले आहे? उत्तर मिळाले, "सर, आम्ही आत उघडत नाही. आम्ही असेंब्ली बदलतो." म्हणजे आत पाचशे रुपयांची रिंग गेली असो की पन्नास हजारांच्या गराऱ्या, बिल तेच! कापडाच्या धंद्यात ठाणाला एक भोक पडले म्हणून गिऱ्हाईक अख्खा गठ्ठा परत पाठवू लागले तर आम्ही त्याला आधी ठाण उलगडून दाखवा म्हणू. गाडीच्या बाबतीत मात्र आम्ही निमूटपणे चेकबुक काढतो.

विम्याचीही चौकशी केली. दगड लागून केसिंग फुटले, हा अपघात धरता आला असता. परंतु तेल गळत असताना गाडी चालवून आतले बेअरिंग जळाले, हे नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्सचे वेगळे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते. आमच्याकडे ते नव्हते. शिवाय दगड लागला त्या दिवशी आम्ही विमा कंपनीला कळवलेही नव्हते. कुणाला दोष देणार? ज्यांची गाडी रोज अशा रस्त्यांवरून फिरते त्यांनी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ही एक ओळ एजंटकडून समजून घ्यावी.

तिसरा मार्ग भंगारवाल्याने सुचवला. त्याच मॉडेलचा जुना गिअरबॉक्स, ३०,००० रुपये, रोख, बिल नाही. तो आम्ही नाकारला. गाडीच्या नोंदणी पुस्तकात इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स विकणे सर्वांत सोपे. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या तोडून सुटे भाग विकले जातात म्हणून २०२१ साली पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. त्यात सरळ धंदा करणारेही भरडले गेले. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि बिल नसेल तर आपल्याला ठाऊक नव्हते हे सांगायचे कशाच्या आधारावर? सगळा जुना माल वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. कोणत्या गाडीतून काढला त्या गाडीचा नंबर आणि विकणाऱ्याचे नाव असलेली पावती मिळत असेल तर जुना गिअरबॉक्स घ्यायला हरकत नाही. तरीही तो आतून किती झिजला आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही ते नाहीच.

शेवटी आम्ही पुण्यातील आमच्या जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांचे वय सत्तरीकडे झुकलेले. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरचे गिअर स्टिअरिंगशेजारी असत त्या काळापासून ते हेच काम करतात. त्यांनी आधी गाडी चालवून पाहिली आणि मग जे सांगितले ते प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असावे असे आहे. गिअर टाकताना खरखर झाली की लोक गिअरबॉक्स गेला म्हणतात. पण पुष्कळदा दोष क्लचचा असतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना एकही नीट पडत नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. तिथे गिअरबॉक्स उघडायचे कारण नाही. एकाच गिअरला खरखर होत असेल, बाकीचे ठीक असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. यातले शेवटचे काम क्लचबरोबर होऊन जाते. ते न तपासता असेंब्ली बदलणाऱ्याला काय म्हणावे?

ही सिंक्रो रिंग म्हणजे बहुधा पितळी कडे. दोन गराऱ्यांचा वेग वेगळा असतो. कडे आधी घासून तो सारखा करते, मग गिअर बसतो. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने अशी रचना मोटारीत आणली. त्याआधी चालकाला प्रत्येक वेळी दोनदा क्लच दाबून वेग जुळवावा लागे. आपल्याकडे जुन्या ट्रकांवरचे ड्रायव्हर डबल क्लच म्हणत ते हेच. हिंजवडीच्या कोंडीत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत तासभर सरकणाऱ्या गाड्यांची ही कडी लवकर झिजतात यात नवल नाही. अर्धा क्लच दाबून ठेवण्याची सवय असेल तर क्लच प्लेटही जाते.

उस्तादांनी गिअरबॉक्स उतरवला आणि आमच्यासमोर उघडला. तेल काळे नव्हते, कारण तेल जवळजवळ नव्हतेच. तळाला चिखलासारखा गाळ होता, त्यात पितळेची चमक. त्यांनी एकेक भाग रॉकेलने धुऊन पुठ्ठ्यावर मांडला. दोन बेअरिंग उष्णतेने निळी पडली होती. तिसऱ्याची गरारी कडेने चिरडलेली, तिची स्लीव्ह झिजलेली. आम्हाला धास्ती होती ती खालच्या शाफ्टची, जिला मिस्त्री काउंटर शाफ्ट म्हणतात. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये तिच्यावरच्या गराऱ्या तिच्याशी एकजीव असतात; एकीचा दात गेला तरी अख्खी शाफ्ट घ्यावी लागते आणि मग दुरुस्तीचा हिशेब नव्या असेंब्लीच्या जवळ जातो. ती शाफ्ट शाबूत होती. केसिंगची चीर प्लगजवळ होती, बेअरिंगच्या बैठकीत नव्हती. "सेठ, चीर बैठकीत असती तर मीच तुम्हाला नवीन घ्या म्हणालो असतो," उस्ताद म्हणाले. चीर आर्गन वेल्डिंगने भरून घेतली.

खर्च असा आला: बेअरिंग ९,४००, दोन सिंक्रो रिंगा ३,२००, तिसऱ्याची गरारी आणि स्लीव्ह ७,८००, वेल्डिंग, सील, गॅस्केट आणि तेल मिळून ३,१००, क्लच सेट ६,५००, मजुरी ८,०००. एकूण ३८,०००. गिअरबॉक्स एकदा उतरवला की क्लच बदलून घेणे शहाणपणाचे, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. तेल मात्र कंपनीने सांगितलेलेच घालावे. जीएल-४ सांगितले असता अधिक आकडा म्हणजे अधिक चांगले समजून जीएल-५ घालणारे आहेत. त्यातली काही द्रव्ये पितळी रिंगांना मानवत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही मिस्त्रींची वकिली करतो असे होईल. सर्व्हिस सेंटर दोन दिवसांत गाडी देणार होते. उस्तादांना नऊ दिवस लागले, कारण एक बेअरिंग मुंबईहून यायचे होते. त्या नऊ दिवसांत भाड्याच्या गाडीवर आमचे अकरा हजार गेले. तेही दुरुस्तीतच धरले पाहिजेत. नवीन असेंब्लीला वॉरंटी होती. उस्तादांची वॉरंटी त्यांच्या तोंडी शब्दाची. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने तर बैठकीतच चीर गेलेले केसिंग हट्टाने वेल्ड करून घेतले. तीन वेळा गिअरबॉक्स उतरला, तीन वेळा मजुरी गेली आणि शेवटी नवीनच घ्यावा लागला. शाफ्ट वाकली, केसिंगची बैठक गेली किंवा तीन-चार गराऱ्या एकदम चिरडल्या, तर दुरुस्तीचा नाद सोडावा. गाडीची बाजारातील किंमतही पाहावी. दीड लाखाच्या गाडीला लाखाचा गिअरबॉक्स बसवणारा व्यापारी कसला? पण यातले काहीही गिअरबॉक्स उघडल्याशिवाय ठरवता येत नाही. आमचा मुद्दा इतकाच आहे.

मग सर्व्हिस सेंटर उघडत का नाहीत? उघडून दुरुस्त करायला हात लागतो, आणि तो तयार व्हायला वर्षे लागतात. असेंब्ली बदलणारा मुलगा काही महिन्यांत तयार होतो. दुसरे कारण पैशाचे. मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत, अशी तक्रार शमशेर कटारिया यांनी २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असा आदेश दिला. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश केला. एवढे होऊनही आमच्या उस्तादांना एका बेअरिंगसाठी मुंबईची वाट पाहावी लागली.

कराचा मुद्दा व्यापाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. तेव्हा बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरसकट १८ टक्के झाला. आम्हाला वाटत होते की गाडी धंद्याची आहे तर दुरुस्तीवरचा कर परत मिळेल. सीएने सांगितले, नाही. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवर आणि विम्यावर भरलेल्या कराची वजावट आमच्यासारख्या व्यापाऱ्याला मिळत नाही. माल वाहणाऱ्या टेम्पोची मिळते, पण त्याला नोंदणीकृत बिल पाहिजे. आणि एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो धंद्याचा खर्च म्हणून आयकरात मान्य होत नाही.

आणि इथेच आमची उस्तादांशी तक्रार आहे. आपल्या वाचकांत गॅरेजवाले पुष्कळ आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. हात सोन्याचा आहे, पण खिशात बिलबुक नाही. ३८,००० चा हिशेब त्यांनी आम्हाला सिगारेटच्या पाकिटामागे लिहून दिला. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्या मिस्त्रीला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे खरे. पण साधे छापील बिल द्यायला कोण अडवतो? त्यावर कोणते भाग बदलले, गाडीचा नंबर, किलोमीटर, आणि सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटरची हमी एवढे लिहिले तरी निम्मे गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला जायचे थांबेल. काढलेले जुने भाग गिऱ्हाईकाच्या हाती द्यावेत. गिऱ्हाईकानेही ते मागून घ्यावेत. आम्ही मागितले, तेव्हा उस्तादांना थोडा राग आला. म्हणाले, "भरोसा नाही का?" आम्ही म्हणालो, उस्ताद, भरोसा आहे, पण मुलगा हिशेब विचारतो.

त्यांचा एक शागिर्द आता जेवणाचे डबे पोहोचवतो, दुसरा एका सर्व्हिस सेंटरमध्ये असेंब्ली बदलतो. पुढे विजेच्या गाड्या येणार, त्यांत असा गिअरबॉक्सच नसतो, मग मुलांनी हे शिकावे कशाला, असे उस्ताद विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण रस्त्यावर आज ज्या गाड्या आहेत त्या आणखी पंधरा वर्षे तरी चालतील. आणि २०१४ साली सेलेरिओपासून जे स्वस्त ऑटोमॅटिक गिअर आले, त्यांच्या आत नेहमीचाच हाताचा गिअरबॉक्स असतो. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे तेवढे यंत्र करते. त्यातलीही बेअरिंग झिजतात, रिंगा झिजतात. उघडणारा माणूस लागणारच.

आमची गाडी त्यानंतर चाळीस हजार किलोमीटरवर चालली आहे. तिसरा गिअर निसटत नाही. पाचव्यात किंचित आवाज येतो. उस्ताद म्हणतात चालू द्या, आम्ही दर महिन्याला तेलाची पातळी पाहतो. बिलबुक छापून देतो असे आम्ही त्यांना दोनदा सांगितले आहे. ते अजून नाव काय टाकायचे तेच ठरवत आहेत.