घारापुरी : एकाच दारातून पाहिलेले लेणे

गेटवेवरून सुटलेली लाँच घारापुरीच्या धक्क्याला लागते. पायऱ्या चढून आलेले पर्यटक उत्तरेकडून मुख्य लेण्यात शिरतात आणि थेट समोरच्या भिंतीवरील तीन मुखांपाशी जाऊन थांबतात. छायाचित्रे निघतात, परतीची लाँच गाठली जाते. शिल्प पाहून होते; वास्तू मात्र पाहायची राहून जाते.

त्या सुमारे साडेपाच मीटर उंच शिल्पाला आजही सर्रास ‘त्रिमूर्ती’ म्हणतात. पण तेथे ब्रह्मा नाही, विष्णूही नाही. तीनही मुखे शिवाचीच आहेत : मध्ये ध्यानस्थ तत्पुरुष, पाहणाऱ्याच्या डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे सौम्य वामदेव. हा सदाशिव आहे.

या लेण्याला उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशी तीन तोंडे आहेत. उत्तरेकडून येणारी वाट सदाशिवाशी संपते. पूर्वेकडून मात्र खांबांच्या रांगांमधून नजर सरळ लिंगाच्या गर्भगृहावर जाते. या गर्भगृहाला चारही दिशांना दारे असून प्रत्येक दाराशी दोन महाकाय द्वारपाल उभे आहेत. शैव परिभाषेत लिंग निष्कल, मानवी देहातला शिव सकल, आणि सदाशिव या दोहोंमधला. म्हणजे शैव विचारातील ही चढण येथे प्रत्यक्ष चालण्याच्या वाटांत कोरलेली आहे. मूळचे मुख्य द्वार पूर्वेचे, असे अनेक अभ्यासक मानतात. सर्वांना ते मान्य नाही. तरीही पूर्वद्वाराच्या एका अंगाला कैलासावरील शिवपार्वती आणि दुसऱ्या अंगाला तोच कैलास हलवू पाहणारा रावण कोरलेला आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. तेथून आत येणारा भक्त कैलासातच पाऊल टाकत होता.

हे बांधकाम नव्हे, कोरकाम. याचा सर्वांत बोलका पुरावा विध्वंसानेच दिला. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत काही खांबांचे दंड नाहीसे झालेले आणि वरची शीर्षे छताला लोंबकळत राहिलेली दिसतात. रचलेल्या दगडांच्या मंदिरात असे खांबशीर्ष क्षणभरही टिकले नसते.

निर्माता कोण? लोककथा पांडवांचे आणि बाणासुराचे नाव घेतात. लेणे साधारण सहाव्या शतकाच्या मध्यातले. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडल्याने बरेच अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात. काही कोकणच्या मौर्यांकडे. नाणी हा सबळ पुरावा खरा, पण नाणी हातोहात फिरतात. निर्णायक ठरू शकला असता असा शिलालेख पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात येथून हलवला आणि तो पुढे हरवला. (ज्याच्यावरून बेट ‘एलिफंटा’ झाले तो दगडी हत्तीही आता येथे नाही, तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.) तेव्हा एखाद्या राजवंशाचे नाव ठामपणे सांगून मोकळे होणे हा आळसच.

वास्तू वाचायला मात्र शिलालेख लागत नाही. सदाशिवाचे दर्शन झाल्यावर पूर्वेच्या अंगणात जावे, मागे वळावे आणि लिंगाकडे पाहत पुन्हा आत यावे.