गिन्नीला सत्तरपैकी किती?

आजीची गिन्नी ग्रेडिंगला पाठवा, लाखाचे पाच लाख होतील, असं सांगणारे शहाणे हल्ली यवतमाळातही भेटतात. पुसदला भेटतात, वणीलाही भेटतात. सल्ला फुकट, पार्सल, विमा, एजंटाचं कमिशन आणि कंपनीची फी मात्र तुमची. आपल्या जिल्ह्यापुरता तरी हा उद्योग मला निव्वळ बनवाबनवी वाटतो.

ग्रेडिंग म्हणजे नाण्याला सत्तरपैकी गुण देणं. मुळात हे सत्तर आले कुठून? विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी पट्टी काढली. एक गुणाच्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तरपट सत्तर गुणांच्या नाण्याला, असा हिशेब. तो काही वर्षांतच कोलमडला, पट्टी तेवढी उरली. (याच गृहस्थाने अमेरिकन न्युमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट बदलून स्वतःकडे नेल्याचं पुढे बाहेर आलं. असो.) १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या निघाल्या, आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर गुण छापण्याचा धंदा जोरात सुरू झाला.

आता आपली गिन्नी बघा. कडी जोडून पोतीत ओवलेली, चार लग्नांत मिरवलेली, दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासलेली. अशा नाण्याला या कंपन्या साधे गुणही देत नाहीत; ‘घासलेलं’, ‘दागिन्यातून काढलेलं’ असा शेरा मारून परत करतात. म्हणजे पदरचे पैसे मोजून आजीवर ठपका विकत घ्यायचा!

त्यात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. व्हिक्टोरिया, एडवर्ड, १९१८ चा पाचवा जॉर्ज, सगळे यात आले. ग्रेडिंगसाठी फ्लोरिडाला कुरिअर करा म्हणणारा एजंट हे सांगतो का? काहून सांगेल बाप्पा, त्याचं कमिशन जाते ना!

पारखीची गरजच नाही, असं मी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन, म्हणजे आपल्या गिन्न्या, पाडल्या गेल्या. घोड्याच्या पायाखाली, सालाच्या वर बारीक ‘आय’ असते ती हीच. तिचे साचे यायला उशीर झाला म्हणून त्याआधी पंधरा रुपयांची मोहर पाडली, वजनाने गिन्नीएवढीच. त्या मोहरेला संग्राहक सोन्याच्या भावावर पैसे मोजतात. घरात निघाली तर आटवू नका, मुंबई-पुण्याच्या नाणेलिलावात दाखवा. तिथे जाणकाराच्या नजरेला मोल आहे, कारण गिन्नीच्या काही नकला चक्क खऱ्या सोन्याच्या असतात आणि कसोटीच्या दगडावर त्या पकडल्या जात नाहीत.

पण ज्या बाईला जूनमध्ये बियाण्यासाठी गिन्नी मोडायची आहे, तिला सत्तरपैकी किती याच्याशी काय देणंघेणं? ती नागवली जाते काउंटरवर. गिन्नी ७.९८ ग्रॅमची, बावीस कॅरेटची, आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. यात गुपित काहीच नाही. तरी “जुना माल आहे मावशी, घट जाईनच” म्हणत शेठ लोकांनी राजरोस वजन खाल्लेलं मी पाहिलं आहे. घट जायची तर कडीच्या जोडापुरती. राणीच्या तोंडाची घट कशी जाते? कडी काढा, माझ्यासमोर काट्यावर ठेवा, टंच चिठ्ठीवर लिहून द्या, एवढं म्हटलं की याच शेठचा आवाज मऊ होतो आणि मावशीची ताई होते.

आणि ज्यांना डबीतलंच सोनं हवं असतं, ते बँकेतून नाणं घेतात. सीलबंद, प्रमाणपत्रासकट, सराफापेक्षा महाग. मोडायला गेलं की बँक हात वर करते, कारण विकलेलं नाणं तिला परत घेताच येत नाही. मग तेच नाणं सराफाकडे येतं, आणि सराफ आधी कात्रीने त्याचं पाकीट कापतो.