रणगाडा नको, बाक द्या : वर्ग आणि छावणी यांच्यातील भिंतीचा इतिहास

१/ जुलै २०१७. कारगिल विजय दिनानिमित्त दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कार्यक्रम झाला. तत्कालीन कुलगुरूंनी उपस्थित केंद्रीय मंत्र्यांकडे मागणी केली की, विद्यापीठाच्या आवारात ठेवण्यासाठी लष्कराचा एक रणगाडा मिळवून द्यावा, म्हणजे विद्यार्थ्यांना जवानांच्या त्यागाची आठवण राहील. लगेच दोन तट पडले. एकाला रणगाडा हवा होता, दुसऱ्याला गणवेशाची सावलीही नको होती. हा थ्रेड त्या दोघांशीही भांडण्यासाठी आहे. #थ्रेड

२/ दोन्ही तटांनी एक गोष्ट न बोलता मान्य केली होती : विद्यापीठ आणि लष्कर ही स्वभावतःच दोन निराळी जगे आहेत. इतिहास तसे सांगत नाही. मधली भिंत कोणीतरी बांधलेली आहे. ती केव्हा बांधली, कशासाठी बांधली आणि स्वातंत्र्यानंतर आपण तिला केवळ रंग कसा दिला, हे क्रमाने पाहू.

३/ आरंभ महाराष्ट्रातूनच करावा लागेल. ज्या जातींना गावच्या शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्यातील अनेकांना अक्षरओळख झाली ती लष्करी छावणीत. पलटणींच्या शाळांतून सैनिक आणि त्यांची मुले शिकत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्मही १८९१ साली महूच्या छावणीतला. तेव्हा छावणी आणि वर्ग यांचे हाडवैर असते, हे विधान निदान महाराष्ट्रात तरी कोणी करू नये.

४/ मग भिंत कुठून आली? १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांच्या काळात ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त भरतीचे धोरण म्हणून रुजला. दीर्घ शांततेने मुंबई आणि मद्रासकडील लोकांचा लढाऊ बाणा ओसरला, खरे सैनिक वायव्येकडेच मिळतात, असे रॉबर्ट्स यांचे मत होते. या धोरणाच्या ओघात १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली.

५/ त्याविरुद्ध १८९४ साली निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी सरकारकडे करण्यासाठी अर्ज तयार केला. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत राबलेल्यांना एका फटकाऱ्यात अपात्र का ठरवता, असा त्यामागचा सवाल होता. बंद झालेले दार केवळ नोकरीचे नव्हते. पगार, निवृत्तिवेतन, मान आणि शाळा या चारही वाटा त्याच दारातून जात होत्या. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत हे दार महायुद्धाची गरज पाहून उघडले आणि गरज सरताच पुन्हा लोटले गेले.

६/ या सिद्धान्ताची दुसरी बाजू आपण सहसा विसरतो. त्याने काही जातींना नाकारले, तसेच शिकलेल्या माणसालाही नाकारले. शहरातला, वृत्तपत्रे वाचणारा, प्रश्न विचारणारा तरुण भरती अधिकाऱ्याला नको होता. त्याला हवा होता खेड्यातला, शेतावरचा, आज्ञाधारक गडी. परक्या सत्तेचे गणित सरळ होते : बंदूक धरणारा वाचणारा नसावा आणि वाचणाऱ्याच्या हाती बंदूक नसावी.

७/ पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे सागरापार गेली. अधिकारपदे मात्र जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांची. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक हाच मुद्दा मांडू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडवले. टिळक सभेतून निघून गेले. सैन्यभरतीला त्यांचा विरोध नव्हता. हक्क नाकारून माणसे मागण्याला होता.

८/ त्याच उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून भरतीचे आवाहन करत होते. टिळकांनी त्यांना ५०,००० रुपयांचा धनादेश पाठवला. ही पैज होती. हिंदी माणसाला अधिकारपदे मिळतील असे वचन सरकारकडून आधी मिळवा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसे उभी करतो, न केल्यास ही रक्कम गेली. गांधीजींनी धनादेश परत केला. सहकार्याला अट घालणे त्यांना मान्य नव्हते. कोण बरोबर, याचा निवाडा येथे नको. ‘पाठवणार कोण आणि हुकूम देणार कोण’ हा प्रश्न टिळकांनी रोख पैशांत मांडला, एवढे लक्षात ठेवू.

९/ याच सुमारास लष्कराने विद्यापीठात पहिले पाऊल टाकले. १९१७ साली विद्यापीठीय तुकड्या निघाल्या. कलकत्त्याच्या तुकडीत एक विद्यार्थी दाखल झाला. आदल्याच वर्षी त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजातून काढण्यात आले होते आणि बंगाली पलटणीत भरती व्हायला गेला असता अधू दृष्टीमुळे परत पाठवले होते. त्याचे नाव सुभाषचंद्र बोस. कवायत करणारा विद्यार्थी विचार करायचे विसरतो, असे ज्यांना वाटते त्यांनी या नावापाशी थोडे थांबावे.

१०/ १९२० मध्ये या तुकड्यांचे ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाले. पण सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी जागा होत्या वर्षाला दहा. डेहराडूनची अकादमी निघायला १९३२ उजाडले. म्हणजे विद्यार्थ्याला गणवेश मिळाला, अधिकार नाही. जवानाला शिस्त मिळाली, महाविद्यालय नाही. दोघे एकाच देशाचे, एकाच वयाचे, पण एकमेकांना न भेटणारे. भिंत पुरी झाली.

११/ स्वातंत्र्यानंतर ती पाडता आली असती. पुण्यात गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एनसीसी, स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. छात्रावर प्रत्यक्ष सैनिकी सेवेचे बंधन नाही, ही तिची मूळ अट आजही कायम आहे. कल्पना चांगली होती : नागरिकाला लष्कर आतून ठाऊक असावे.

१२/ मग १९६२ चा पराभव झाला आणि १९६३ मध्ये महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची करण्यात आली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. सक्ती का टिकली नाही? माझे मत असे : आपण विद्यार्थ्याला ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ शिकवले, पराभव का झाला, हे त्याला वर्गात शिकवले नाही. पाय एका तालात पडले की ऐक्य झाले, असे मानण्याची सवय तेव्हापासूनची. रणगाड्याची मागणी हे तिचेच पुढचे पाऊल.

१३/ आज लष्कराला दोन दारे आहेत. पदवीधरासाठी सीडीएसची परीक्षा, एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रावरचा खास प्रवेश, आणि पुढे अधिकारपद. दहावी झालेल्या साडेसतरा वर्षांच्या मुलासाठी भरतीचे मैदान. जवानांची मुले आज अधिकारी होतात, हे खरे आणि अभिमानाचे. पण ती अधिकारी होतात ती महाविद्यालय किंवा अकादमीच्या वाटेने. मैदानावरून थेट शिपाई झालेल्याच्या आयुष्यात विद्यापीठ येतच नाही.

१४/ माझा चुलतभाऊ त्या दुसऱ्या दाराने गेला. सातारा जिल्ह्यातले आमचे गाव. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांच्या पावलांनी तिथे जाग येते. मी त्याच वयात एसटीने कॉलेजला जात होतो. तो आज अग्निवीर आहे. गेल्या दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा त्याने विचारले, “दादा, चार वर्षं झाली आणि ठेवून नाही घेतलं, तर तुझ्या कॉलेजात मला घेतील का?” मी आमच्या कार्यालयात चौकशी केली. असा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता.

१५/ जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीचे सुमारे ११.७ लाखांचा सेवानिधी घेऊन, निवृत्तिवेतनाविना घरी येतात. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२३ च्या आरंभी सुरू झाले. २०२७ च्या आसपास ते परतू लागतील. वय बावीस-पंचविशीचे, म्हणजे माझ्या वर्गमित्रांचेच. त्यांच्यासाठी इग्नूची दूरस्थ पदवी आहे आणि प्रशिक्षणाचे श्रेयांकही त्यात धरले जातात. चांगलेच आहे. पण ते शिक्षण दुरून. जवळ या, बाकावर बसा, असे कोण म्हणणार?

१६/ गणवेश पाहून नाक मुरडणाऱ्या मित्रांनो, आवाराचे दार लावल्याने युद्ध थांबत नाही. फक्त त्यात जाणारी मुले आपली नसतात. लष्करावर टीका करण्याचा हक्क मलाही प्यारा आहे, पण ज्याला रायफलचे वजन आणि रजेच्या अर्जाची भाषा ठाऊक आहे, तो समोर बसलेला असताना केलेली टीका अधिक प्रामाणिक होईल. न पाहिलेल्या गोष्टीची एक तर पूजा होते किंवा तिरस्कार. विद्यापीठाला दोन्ही शोभत नाहीत.

१७/ आणि रणगाड्यापुढे हात जोडणाऱ्यांनो, आपण लोखंड मागितलेत, माणूस मागितला नाहीत. रणगाडा प्रश्न विचारत नाही, शुल्कमाफी मागत नाही, वसतिगृहाची खोली मागत नाही. त्याला हार घातला की भागते. परतलेल्या जवानाचे तेवढ्यावर भागणार नाही. आपली भक्ती एवढ्या स्वस्तात का उरकते, याचा विचार करा.

१८/ मागण्या तीनच. एक : महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाने सेवा संपवून येणाऱ्या अग्निवीरांना नियमित वर्गात राखीव जागा, शुल्कसवलत आणि वसतिगृह द्यावे. दोन : सैन्यभरतीचा, सैनिकी समाजाचा इतिहास पदवीच्या अभ्यासक्रमात यावा, वलंगकरांचा अर्ज आणि टिळकांची पैज केवळ संशोधकांची मालमत्ता राहू नये. तीन : भरती अधिकाऱ्याने आवारात खुशाल यावे, मेज मांडावे. पण अपंगत्व, निवृत्तिवेतन आणि चार वर्षांनंतरचे आयुष्य यांवरील प्रश्नांना विद्यार्थ्यांसमोर उभे राहून उत्तर द्यावे.

१९/ परक्या सत्तेला वाचणारा आणि लढणारा वेगळे हवे होते, कारण ते एकत्र येण्याची तिला भीती वाटत होती. प्रजासत्ताकाला तसली भीती असण्याचे कारण नाही. असहमती असेल तर जरूर लिहा, पण आधी आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन माझ्या भावाचा प्रश्न विचारून या. मिळालेले उत्तर खाली नोंदवा. मला त्याला पुढच्या दिवाळीपर्यंत काहीतरी सांगायचे आहे. (समाप्त)