वाट चुकण्याचा हक्क

आपल्या जिमखान्याच्या खोलीत करंडकांचे एक काचेचे कपाट आहे. त्या कपाटाविषयी मला आदर आहे. पण त्याच्यासमोर उभी राहिले की दर वेळी एक साधा हिशेब मनात येतो. कबड्डीच्या संघात बारा जण, क्रिकेटच्या संघात पंधरा-सोळा, आणि उरलेले आम्ही सगळे टाळ्या वाजवायला! निवडलेल्यांनी खेळायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्याविषयी कुणी बोलतसुद्धा नाही. मला बोलावेसे वाटते, त्याला कारण एक परका खेळ.

बारावीनंतरचे एक वर्ष मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातील बेंडिगो येथे मामाकडे काढले. मामीच्या आग्रहाने तेथील ओरिएंटिअरिंग क्लबात जाऊ लागले. खेळ सांगायला सोपा आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र. रानात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरी निशाणे लावलेली. ती ठरलेल्या क्रमाने शोधून कमीत कमी वेळात परत यायचे. कोणत्या वाटेने जायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे. १८९७ साली नॉर्वेत याची पहिली जाहीर स्पर्धा झाली. पुढे स्वीडनमध्ये अर्न्स्ट किलँडर या लष्करी अधिकाऱ्याने तरुणांना धावण्याची गोडी लागावी म्हणून हा खेळ वाढवला. १९६१ मध्ये दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली, आणि १९८५ ची जागतिक स्पर्धा तर याच बेंडिगोच्या परिसरात झाली. युरोपबाहेर झालेली ती पहिली.

येथले रान आपल्या रानासारखे नाही. निलगिरीच्या जातीची झाडे, खाली सालींचा आणि फांद्यांचा खच, आणि १८५१ नंतर सोन्यासाठी माणसांनी खणलेले असंख्य खड्डे. नकाशात त्यांतले मोठे खड्डेही दाखवलेले असतात. आपण भूगोलाच्या तासाला स्थलनिर्देशक नकाशा वाचतो, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. येथे एक सेंटिमीटर म्हणजे शंभर किंवा दीडशे मीटर. शिवाय आपल्या नकाशात जंगल हिरवे असते. येथे ज्यातून धावता येते ते जंगल पांढरे, आणि हिरवे म्हणजे दाट झाडी, पाय अडकणार! पांढरे म्हणजे रिकामे नव्हे, हे अंगवळणी पडायलाच मला महिना लागला.

जुलैतल्या एका रविवारी मी चौथ्या निशाणापाशी चुकले. दुपार होत आली होती. सूर्य पाहिला आणि होकायंत्र पाहिले, तर दोन्ही जुळेनात. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, हे मी लहानपणापासून अंगणात पाहत आलेली. होकायंत्र बिघडले असेच मी ठरवले. विषुववृत्ताच्या इतक्या दक्षिणेला दुपारचा सूर्य नेहमी उत्तरेला असतो, हे मला परीक्षेपुरते पाठ होते. रानात ते आठवले नाही. मग एक गृहस्थ धावताना दिसले आणि मी त्यांच्या मागे लागले. ते एका निशाणाशी पोचले, मीही पोचले. पण त्यावरचा क्रमांक माझा नव्हता. त्यांचा मार्गच वेगळा होता! दीड तासाने परतले तेव्हा माझे नाव बाद झाले होते.

क्लबातल्या सत्तरीच्या एका आजींनी मला कितवी आलीस असे विचारले नाही. “कुठे चुकलीस?” एवढेच विचारले आणि मोटारीच्या बॉनेटवर माझा नकाशा पसरला. मग स्वतःचा नकाशा शेजारी ठेवून त्या स्वतः कुठे चुकल्या तेही सांगू लागल्या. पाहता पाहता चारपाच जण जमले. जो तो आपली चूक सांगत होता.

पुढे ईस्टरच्या तीन दिवसांच्या राष्ट्रीय स्पर्धेला क्लबातली मंडळी गेली, त्यांच्याबरोबर मीही गेले. तेथे दहा वर्षांच्या मुलांपासून ऐंशीच्या आजी-आजोबांपर्यंत वयोगट असतात. कुणाला पदक मिळाले, कुणी शेवटून पहिला आला. पण संध्याकाळी सगळे पुन्हा नकाशे पसरून बसले होते. राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे निवडक लोकांची मिरवणूक, ही माझी समजूत त्या संध्याकाळी गळून पडली.

मला वाटते, आपल्याकडे उणीव मैदानांची नाही. चुकण्याच्या परवानगीची आहे. आपण बाजारातली ‘गाइड’ वाचून पास होतो. गाइड उत्तर देते, नकाशा फक्त जमीन दाखवतो. उत्तर आपले आपण शोधायचे असते. ट्रेकला जातो तेव्हाही पुढच्याच्या पाठीवरची सॅक पाहत चढतो. पुढचा चुकला तर चाळीस जण चुकतात, आणि आपण कुठे चुकलो हे एकालाही सांगता येत नाही.

रानात मुलामुलींना एकटे सोडायचे कसे, असे पालक विचारतील आणि ते रास्त आहे. त्या खेळाने त्याचाही विचार केलेला आहे. जवळ शिट्टी ठेवतात, परतण्याची वेळ ठरलेली असते, प्रत्येक जण परत आला की नाही हे पडताळतात. अमुक दिशेने चालत राहिलात तर रस्ता लागेल, हे आधीच सांगून ठेवतात. आणि वाटेत कुणी जखमी दिसला तर स्पर्धा सोडून त्याला मदत करणे हा खेळाचा नियमच आहे.

म्हणून माझी जिमखान्याला आणि भूगोल विभागाला विनंती आहे: महाविद्यालयामागच्या टेकडीचा एक मोठा नकाशा आपण विद्यार्थ्यांनीच तयार करावा आणि वर्षातून दोनदा तेथे ही स्पर्धा घ्यावी. नाव देईल त्याला प्रवेश; निवड चाचणी नको. शिपाईमामांपासून प्राचार्यांपर्यंत सर्वांनी धावावे, न धावणाऱ्यांनी चालावे.

करंडक द्यायचाच असेल तर जरूर द्यावा, कपाटात जागा आहे. पण स्पर्धेनंतर टेकडीच्या पायथ्याशी सतरंजी अंथरून सर्वांनी नकाशे पसरावेत आणि पहिल्या आलेल्यानेच आधी सांगावे, तो कुठे चुकला.